कच्चंच घालायचं

नाही नाही, आत नका आणू त्याला — तिथंच बांधा, फाटकाजवळ, लिंबाला. सावली आहे की तिथं. पाणी मी ठेवते. आणि तुम्ही पायरीवर काय बसताय, खुर्ची आहे ना. होटगीचे म्हणालात? रेल्वेत? — मग आमच्या ह्यांना ओळखत असाल, बिराजदार गार्ड. नाही? नवीन बदली दिसतेय. असू दे. वेणीमाधव डॉक्टरांनी पाठवलं म्हणता. गुरांच्या दवाखान्यातल्या. बरं आठवलं त्यांना माझं नाव तीन वर्षांनी. काय म्हणाले? — सात रस्त्याच्या मागं बिराजदार बाई राहतात, त्यांच्या अल्सेशियनला हाच रोग होता, त्यांना ती ग्रंथी कोण आणून द्यायचं ते विचारा — वा! स्वतः डॉक्टर, स्वतः सरकारी पगार घेणार, आणि खाटकाचं नाव विचारायला माणसं पाठवणार एका लिंगायत बाईच्या दारात. त्यांना म्हणावं, तुम्हीच जा की एकदा. जाणार नाहीत. मला कारण माहीत आहे, का जाणार नाहीत ते. — हे बघा, रोगाचं काय ते सगळं सांगते. काय घालायचं, कसं घालायचं, किती वाजता. नाव मात्र विचारू नका.

जवळ नका आणू हो, इथूनच दिसतंय. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पाठीचा कणा वर आलेला, केसांना तेज नाही — आणि खातं किती? दोन माणसांचं? सांगते ना मी. दोघांचं खाऊन पुन्हा ताटलीकडे बघतं, आणि मागून सगळं तसंच पडतं, ढीगभर, राखेच्या रंगाचं, तुपकट, घाण वास. बरोबर? एकतीस वर्षं मुलींना शरीरशास्त्र शिकवलं मी, पण हा रोग मला पुस्तकानं नाही शिकवला. पोटात अन्न जातं आणि अंगाला लागत नाही. भरल्या पोटी उपास. — अहो, ते बघा, ते बघा! कुंडीतली माती खातंय! हाकला त्याला — नको, मारू नका, मारू नका म्हटलं ना! त्याचा काय दोष? आमच्या कॅप्टननं काय काय खाल्लं, ऐकलंत तर हसाल. शाळेतून आणलेले खडू खाल्ले. ह्यांच्या चादरीचा एक कोपरा खाल्ला, चावून चावून. एक दिवस सासूबाईंच्या पूजेतला विभूतीचा गोळा पळवला — शिवबाई माझ्या सासूबाई, सोवळ्याओवळ्याच्या एकदम कडक — त्यांनी वळून बघेपर्यंत ह्याच्या मिशा पांढऱ्या! भस्म खाल्लं म्हणून गल्लीत बोभाटा, बिराजदारांच्या कुत्र्याला भस्म्या झालाय. हसले सगळे. ते दिवस दुष्काळाचे, त्र्याहत्तर साल, माणसं खडी फोडायला जात होती, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती, आणि आमच्या घरात कुत्र्याला दोन्ही वेळ घमेलंभर. समोरची चन्नम्मा फाटकातून ओरडायची — काय हो बाई, तुमचं कुत्रं खाऊन मरतंय आणि आमची माणसं न खाऊन! तिला काय उत्तर देणार? मी दिलं पण. मी कुणाचं ऐकून घेत नसते. म्हटलं, तुझ्या ताटातलं खातंय का? — चुकीचंच बोलले. ते मरू दे.

ह्यांनी आणलं होतं त्याला. कुर्डुवाडीहून, कुणा फौजदाराच्या कुत्रीचं पिल्लू, गार्डच्या डब्यातून, जेवणाच्या पिशवीत घालून. मूल नव्हतं आम्हाला — ते सांगायची गरज नाही, दिसतंच आहे. हे ड्युटीवरून आले की आधी त्याला हाक, मग मला. मला राग नव्हता त्याचा. नव्हता म्हणजे — थोडा असेल. शिवयोगी बिराजदार म्हणजे कधी आवाज चढवून बोलले नाहीत, ना मला, ना आईला, ना हमालाला. ते तेवढं लक्षात ठेवा, पुढं सांगते.

तर वेणीमाधव डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले ह्याचं स्वादुपिंड काम करत नाही. स्वादुपिंड! हे नाव कुणी ठेवलं असेल हो? ऐकलं तर वाटावं देवाचा नैवेद्य. दरवर्षी फळ्यावर काढायची मी ते, पिवळ्या खडूनं, जठराच्या मागं, केळफुलासारखं लांबट — 'मुलींनो, ह्यातून पाचकरस स्रवतो' — इतकी वर्षं काढलं आणि एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्यात पिंड म्हणजे महादेवाची. आणि इथं डॉक्टर सांगतात, रोज बकऱ्याचं ताजं पिंड आणा आणि कुत्र्याला घाला, म्हणजे ह्याच्यात जो रस नाही तो त्याच्यातून मिळेल. मुंबईहून पूड येते म्हणाले, एक बाटली मागवली, ती पंधरा दिवसांत संपली, दुसरी आलीच नाही. पूड येईल म्हणून वाट बघत बसू नका तुम्ही. ताजंच लागेल. जन्मभर लागेल — हा रोग बरा होत नाही, सांभाळावा लागतो. एक दिवस चुकवलं की दुसऱ्या दिवशी मागून दिसतं.

आता ते कुठून आणायचं? हे गेले मटण मार्केटात, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि विचारतात, स्वादुपिंड आहे का? सगळे हसायला लागले. काळीज आहे म्हणाले, गुर्दा आहे, भेजा आहे, हे काय नवीन काढलंत स्वामी? एकजण हसला नाही. तो म्हणाला, चित्र काढा. ह्यांनी माझ्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. तो म्हणाला, ह्ये व्हय? ह्ये तर आमी कावळ्यास्नी टाकतो. रोज देतो की. एका बकऱ्यात एवढंसंच निघतं, चार-पाच मिळून मूठभर, म्हणून तो दुसऱ्यांच्याकडूनही गोळा करायचा, झाकणाच्या डब्यात बर्फ घालून सकाळी सात वाजता इथं मागच्या भिंतीवर ठेवून जायचा. काही घ्यायचा नाही. म्हणायचा, सोजरला शिकवताय की बाई — सोजर म्हणजे त्याची मुलगी, आठवीत होती माझ्याच वर्गात, हुशार, पुढच्या बाकावर — हां. बोलून गेले. सोजरच्या बापाला मार्केटात कुणीही दाखवेल, असं वाटतंय ना तुम्हाला? थांबा. नुसतं नाव कळून भागणार नाही, ते पण सांगते.

घालायची रीत लक्ष देऊन ऐका. बारीक चिरायचं, अगदी बारीक. भाकरी नाही तर भात कुस्करून त्यात कालवायचं, तेल-तूप थेंबभर नाही. मग अर्धा तास झाकून तसंच ठेवायचं. हे घरी असले की परसात दगडावर हेच करायचे, सुरी वेगळी, ताटली वेगळी, मग अंघोळ. अर्ध्या तासानं झाकण काढलं की भाकरीला पाणी सुटलेलं असायचं, कडा विरघळलेल्या — त्या भांड्यालाच पोट असल्यासारखी ती आतल्या आत पचत असायची. मला बघवायचं नाही. पण कॅप्टन — तीन आठवड्यांत अंगावर मांस आलं हो! उड्या मारायला लागला. हे त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, दाक्षायणी, बघ, बोटाला लागत नाहीत आता. मोठ्या परीक्षेत पास झाल्यासारखं तोंड असायचं त्यांचं.

मग बदल झाला. ड्युटीची नवीन लिंक लागली, आठवड्यातले चार दिवस हे लाईनवर. त्या चार दिवसांचं माझ्याकडे आलं. — काय? हो, मीच. दुसरं कोण करणार? सासूबाई?

पहिल्या दिवशी डबा उघडला आणि — तुम्ही खाता का? मटण? मग तुम्हाला नाही कळणार. मऊ, गुलाबी, ओलं, अजून जिवंत असल्यासारखं. माझे हात थांबले. छातीवर इष्टलिंग, सासूबाई आत लिंगपूजेला बसलेल्या, हातावर लिंग घेऊन, डोळे मिटून, आणि परसात मी हे घेऊन. म्हटलं, निदान गरम पाण्यातून काढू या. वास जाईल. मग म्हटलं, एक उकळी येऊ दे. जर्मनचं एक जुनं पातेलं होतं, ते परसातल्या चुलीवर ठेवलं, एक उकळी दिली, रंग गेला, राखाडी झालं, घट्ट झालं — मग चिरता आलं मला. उकडलेल्या बटाट्यासारखं चिरलं. कालवलं, अर्धा तास झाकून ठेवलं, सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं. त्यानं गटागटा खाल्लं. त्याला काय, तो खडूसुद्धा खायचा. ताटली चाटत चाटत शहाबादी फरशीवरून भिंतीपर्यंत नेली — तशी सवय होती त्याची, भिंतीला लागून टण् वाजेपर्यंत चाटायचा. — अजून वाजतं. साडेदहाला मी एकटी ताटावर बसते ना, घास तोंडात असतो, आणि मागं फरशीवर सरकत सरकत — वळून बघत नाही मी. पहिल्या वर्षी बघायची. आता अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठते. चन्नम्मा म्हणते बाई वाळली. वाळू दे.

दोन आठवड्यांत पुन्हा बरगड्या. हे तीन दिवस घरी असले की जरा सावरायचा, चार दिवस गेले की पुन्हा खाली. ह्यांना कळेना. मला म्हणाले, दाक्षायणी, मी नसतो तेव्हाच असं कसं होतं? आणि मी — मी काय म्हणाले सांगू? तयारी केली नव्हती, तोंडातून आलं — 'तुम्ही नसता तेव्हा शिळं ठेवून जातो तो. बाईमाणसाला काय कळतंय म्हणून.' किती सोपं होतं बघा. खाटीक म्हटलं की माणसाला शिळंच आठवतं. ह्यांनासुद्धा आठवलं.

ज्या माणसानं हमालावर कधी आवाज चढवला नाही, त्यानं भर मार्केटात त्याची गचांडी धरली. लोक सांगत आले मला. सदऱ्याची गुंडी तुटली. बिराजदार गार्ड ओरडत होते म्हणे, मुक्या जनावराला फसवतोस! आणि तो नुसता हात जोडून उभा. त्या दिवसापासून मार्केटात त्याला नाव पडलं, शिळ्या. गिऱ्हाईक तोंडावर विचारायचं, आज ताजं आहे का रे शिळ्या?

तरी दुसऱ्या दिवशी सातला डबा भिंतीवर होता. होता की! आठ दिवस होता. नवव्या दिवशी तो डबा घेऊन पुढच्या दारी आला. हे लाईनवर. तिथं, तुम्ही बसलाय तिथंच, पायरीच्या खाली उभा राहिला, चप्पल फाटकाबाहेर. म्हणाला, बाई, रागवू नका, एक इचारू का? पोरगी म्हनती, बाईंनीच शिकवलंय वर्गात, उकळलं की त्यातला गुण जातोय. म्हनून इचारतो. तुमी शिजवत तर न्हाई न्हवं?

— तुम्ही काय बघताय माझ्याकडे? ठाऊक नसेल बाईंना, असंच म्हणायचंय ना? वेणीमाधव डॉक्टरांना मी तेच सांगितलं नंतर, त्यांनी मान हलवली, म्हणाले कसं ठाऊक असणार, मीच सांगायला पाहिजे होतं. मोठे सज्जन. अहो, दरवर्षी ऑगस्टात मी प्रयोग करायची! दोन परीक्षानळ्या. दोन्हींत भाताची पेज. एकीत तोंडातली लाळ घालायची, तशीच. दुसरीत लाळ उकळून. थोड्या वेळानं दोन्हींत आयोडीनचा थेंब. पहिलीत निळा रंग येत नाही, पेज पचलेली असते. दुसरी निळीशार. 'मुलींनो, का बरं?' — आणि सोजर हात वर करायची, सगळ्यांच्या आधी — 'बाई, उकळल्यावर पाचकरस मरतो.' शाब्बास म्हणायची मी. पातेल्याला उकळी येत होती ना परसात, तेव्हा ती निळी नळी दिसत होती मला. पहिल्या दिवसापासून. रोज दिसायची. रोज म्हणायची, एकच उकळी, एवढ्यानं काय होतंय. मला ठाऊक होतं. हे डॉक्टरांना नाही सांगितलं, ह्यांना नाही सांगितलं, तुम्हाला का सांगतेय देव जाणे — ह्या तुमच्या कुत्र्यामुळं. ते बघा कसं बघतंय माझ्याकडे. सगळे असेच बघतात का हो, हा रोग झाला की?

काय केलं म्हणजे? त्याला काय उत्तर दिलं? दिलं की. म्हटलं, तू मला शिकवणार? आठवीच्या पोरीच्या तोंडून मला विज्ञान शिकवायला आलास माझ्या दारात? चालता हो. डबा उचल आणि चालता हो. आवाज एवढा चढला की सासूबाई पूजेवरून उठून आल्या. चन्नम्मा फाटकात आली. त्यानं डबा उचलला. जाताना म्हणाला — रागानं नाही हो, रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं — म्हणाला, बाई, कुत्रं चार दिस माझ्याकडं सोडा, मी घालतो, मग काय ती शिक्षा द्या. आणि मी दार लावलं.

सोजर दुसऱ्या दिवशीपासून शाळेत आली नाही. हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं मी, रोज, नाव कमी होईपर्यंत. पुढच्या वर्षी मोहोळला लग्न करून दिली तिला. बापाची इच्छा नव्हती म्हणतात. पोरीनंच हट्ट केला, शाळेत जाणार नाही म्हणून. तिला कळलं होतं. तिच्याइतकं स्वच्छ कुणालाच कळलं नव्हतं.

कॅप्टन पाच आठवडे जगला. दुसऱ्या कुणी दिलं नाही आम्हाला, सगळे म्हणाले नको बाबा, उद्या आमची गचांडी धराल. शेवटी उठवत नव्हतं त्याला, तरी माझी चाहूल लागली की पडल्या पडल्या शेपूट फरशीवर आपटायचा. माझीच हो. त्याला कुठं ठाऊक होतं. आणि हे गेल्या वर्षी गेले. दवाखान्यात होते अकरा दिवस. मी पेज भरवत होते चमच्यानं, तर म्हणाले, त्या खाटकानं माझं कुत्रं मारलं, दाक्षायणी. मी चमचा पुढं केला. 'घ्या,' म्हटलं. त्यांनी घेतला.

— चष्मा पुसते फक्त. ऊन लागतंय इथं. काही नाही झालेलं मला.

तुम्हाला नाव पाहिजे ना. धोंडीराम. मटण मार्केटात डाव्या हाताला शेवटचा गाळा. पण म्हटलं ना, नुसतं नाव कळून भागणार नाही. तुमच्या आधी तिघंजण गेले होते, ह्याच डॉक्टरांनी पाठवलेले. कुत्र्यासाठी पाहिजे म्हटलं की तो सुरी खाली ठेवतो आणि पाठ फिरवतो. तिघांनाही तसंच केलं, आणि बाकीचे गाळेवाले तर तेव्हापासून कुणालाच देत नाहीत. तिघांचीही कुत्री गेली. म्हणून तुम्हाला माझ्याकडे पाठवलंय, कळलं का? डॉक्टर भोळे नाहीत. त्यांना केव्हाच वास आलेला दिसतोय.

मी? मी कशी येऊ तुमच्याबरोबर? — लोकांचं काही नाही, लोकांना मी कधी भ्याले नाही. तो मला बघून 'या बाई' म्हणेल. फडक्यानं स्टूल पुसून पुढं ठेवेल. ते नाही मला सहन होणार. नाही. आग्रह करू नका.

तुम्ही असं करा. त्याला म्हणा, बिराजदार बाईंनी निरोप दिलाय. तो विचारेल, काय म्हणाल्या? तुम्ही म्हणायचं — व्हय. एवढंच. त्याच्या भाषेत म्हणा, व्हय. त्याला कळेल. त्यानं मला एक विचारलं होतं, त्याचं ते उत्तर आहे. मोठ्यानं म्हणा, आजूबाजूच्या गाळ्यांना ऐकू जाईल असं. आणि कुणी विचारलं व्हय म्हणजे काय, तर सांगा सगळं. सोडू नका काही. माझं नाव घेऊन सांगा.

लिहून? काय उपयोग लिहून, त्याला वाचता येत नाही. वाचणारी होती घरात एक.

उठा आता. आजच जा, अजून गाळा उघडा असेल. आणि ते कच्चंच घालायचं, कळलं? कोमटसुद्धा करायचं नाही. घरात कुणी कितीही नाक मुरडलं तरी. — नको, नमस्कार नको मला. तो काय म्हणाला ते सांगायला परत येऊ नका. कुत्रं जगलं तरी येऊ नका. सोडा त्याला, ओढू नका, येईल तो आपल्या पायांनी. जा.